कुलूपवाल्याचं शेवटचं वाक्य

मंडळाच्या पुस्तिकेसाठी सव्वीस सभासदांनी आपापला आवडता चित्रपट निवडला होता, आणि त्या सव्वीसच्या सव्वीस जणांना ते चित्रपट मी ऐकवले होते. माझ्या तोंडून, माझ्या शब्दांत. पुस्तिकेत माझं नाव कुठेही नव्हतं. आभारांच्या यादीत खुर्च्या भाड्याने देणाऱ्याचं होतं, फुलवाल्याचं होतं. माझं नव्हतं.

पुस्तिकेची कच्ची छपाई मला कार्बनने आणून दाखवली. कार्बन म्हणजे आमच्या चित्रपट मंडळाचा ऑपरेटर. जुन्या प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या कांड्या जाळून उजेड करायचे, त्या काजळीने याचे हात कायम काळे असायचे, म्हणून हे नाव पडलं. आता सगळं संगणकावर आलं, हात स्वच्छ झाले, नाव तेवढं राहिलं. सोमवारी सकाळी तो आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद ठेवून म्हणाला, "वाचा बाई. पण आधी बसून घ्या."

मी उभ्यानेच वाचलं. मंडळाला चाळीस वर्षं होत होती. त्यानिमित्त एका जुन्या फ्रेंच दिग्दर्शकाचे पाच गुन्हेपट आठवडाभर दाखवायचे, प्रत्येक जुन्या सभासदाने त्यातला आपला सर्वांत आवडता निवडायचा आणि का आवडतो ते पानभर लिहायचं, असा बेत होता. मंडळात या दिग्दर्शकाला सगळे टोपीवाला म्हणत, कारण त्याचे चोर जेवतानासुद्धा डोक्यावरची टोपी काढत नाहीत. त्याच्या चित्रपटांनाही आम्ही घरगुती नावं ठेवली होती. तिजोरी, ट्रकवाला, घड्याळजी, धोबीण आणि कुलूपवाला.

सव्वीसपैकी एकोणीस जणांनी कुलूपवाला निवडला होता. आणि त्या एकोणीसपैकी चौदा जणांनी त्यातलं एकच वाक्य लिहून काढलं होतं. "तुझं नाव मी सांगितलं. पण सांगताना माझा आवाज कापला, एवढं लक्षात ठेव."

"चौदा वेळा," कार्बन म्हणाला. "मी मोजलं."

ते वाक्य टोपीवाल्याचं नव्हतं. ते माझं होतं.

हे नीट सांगायला हवं. मी पंपांच्या कंपनीत भाषांतरकार होते. कंपनीची यंत्रं फ्रान्सहून यायची, बरोबर जाडजूड माहितीपुस्तिका यायच्या, त्या मी आपल्या भाषेत आणायचे. झडप, वॉशर, तेलगळती, दाब. त्यासाठीच कंपनीने मला दोन वर्षं फ्रेंचच्या वर्गाला घातलं होतं. मंडळाला तेव्हा परदेशी चित्रपट मिळायचे ते कशाबशा अवस्थेत. रिळं घासलेली, खाली अक्षरं नाहीत, संवादांची प्रत नाही. मग मंडळाने प्रोजेक्टरच्या खोलीशेजारी प्लायवूडची एक केबिन केली, तिला काच बसवली, आत एक माइक ठेवला आणि प्रत्येक खुर्चीला हेडफोन लावले. दुपारी बारा वाजता मी आणि कार्बन रिकाम्या सभागृहात चित्रपट एकदा पाहायचो, मी वहीत भराभर खुणा करायचे, आणि चार वाजता लोक बसले की मी काचेतून पडद्याकडे बघत सगळ्यांच्या कानात बोलायचे. चोर मीच, फौजदार मीच, चोराची रडणारी आई मीच. केबिनमध्ये पंखा लावायची सोय नव्हती, कारण त्याचा आवाज माइकमध्ये जायचा. असा मी तेवीस वर्षं घाम गाळला. मानधन म्हणाल तर दरवर्षी एक डायरी.

कुलूपवाल्याची गोष्ट साधी आहे. कुलपं करणारा एक कारागीर एका दरोड्यात सापडतो, सात वर्षं आत जातो. बाहेर येतो ते एकच प्रश्न घेऊन. माझं नाव पोलिसांना कुणी सांगितलं? अख्खा चित्रपट तो शहरभर हेच विचारत फिरतो. शेवटी कळतं की नाव सांगितलं ते त्याच्या जिवाभावाच्या सोबत्याने, जो आता न्हावी झालाय. शेवटच्या प्रसंगात कुलूपवाला त्या न्हाव्याच्या दुकानाच्या दारात उभा आहे. न्हावी पाठमोरा, खाली पडलेले केस झाडतोय. कुलूपवाला विचारतो, "कोण होतं?" न्हावी वळत नाही. काहीतरी बोलतो. कुलूपवाला आत येतो, दार लावतो, कडी घालतो, आणि चित्रपट संपतो.

तेहेतीस वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या प्रतीत नेमकं तिथेच रीळ तुटलेलं होतं. कुणीतरी ते चिकटवलं होतं, पण आवाज गेला होता. न्हावी बोलला तिथे नुसती खरखर. पाठमोरा असल्यामुळे ओठही दिसेनात. कार्बनने रीळ तीनदा मागे घेऊन लावलं, तिन्ही वेळा खरखरच.

"आता?" तो म्हणाला.

"बघू," मी म्हणाले. खरं तर त्या दिवशी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याच सकाळी कंपनीत माझं टेबल उचलून सुट्या भागांच्या गोदामात नेलं होतं. मी ऑफिसच्या टाइपरायटरवर मंडळाचे कागद टाइप करते हे कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं होतं. कोणी, ते मला ठाऊक होतं. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण. अकरा वर्षं आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं होतं. माझी खुर्ची उचलून नेत होते तेव्हा ती खिडकीबाहेर बघत बसली. "मी सांगितलं" एवढं जरी ती म्हणाली असती, तरी मी तिला कधीतरी माफ केलं असतं. ती अवाक्षर बोलली नाही.

चार वाजता सभागृह भरलं. शेवटचा प्रसंग आला. कुलूपवाल्याने विचारलं, "कोण होतं?" न्हावी पाठमोरा उभा. कानात खरखर. पाऊणशे माणसं माझ्या तोंडाकडे कान लावून बसलेली. आणि मी, जे मला त्या बाईकडून ऐकायचं होतं, ते त्या न्हाव्याच्या तोंडी घातलं.

दिवे लागले तेव्हा माणसं रुमालाने डोळे पुसत होती. सर धावत केबिनपाशी आले. सर म्हणजे मंडळाचे आजचे अध्यक्ष, त्या वेळी कॉलेजात नव्याने लागलेले. "काय वाक्य आहे!" ते म्हणाले. "काय वाक्य आहे!" मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं ते. तुम्ही शब्दांत अडकलेल्या असता." आणि गेले.

दोन वर्षांनी त्यांनी टोपीवाल्यावर पुस्तक लिहायला घेतलं. नाव ठेवलं 'कापरा आवाज'. छापायला जायच्या आधी मी त्यांना कॉलेजात जाऊन गाठलं. म्हटलं, "सर, ते वाक्य चित्रपटात नाही. रीळ तुटलेलं होतं. मी माझ्या मनाने घातलं." ते हसले. अगदी मायेने हसले, लहान पोराला हसावं तसे. "बाई, प्रत्येक भाषांतरकाराला असंच वाटत असतं, की हे मीच लिहिलंय. तसं वाटणं हाच तुमच्या कामाचा मोठेपणा आहे." पुस्तक आलं. गाजलं. त्याच पुस्तकावर ते विभागप्रमुख झाले, त्यावर त्यांचे सत्कार झाले. ती तुटकी प्रत मंडळात आणखी तीनदा आली, आणि लोक त्या वाक्यासाठी आले म्हणून तिन्ही वेळा मी ते पुन्हा म्हटलं. ती माझी चूक. ती मी झाकत नाही.

तर सोमवारी हे सगळं कार्बनशी बोलून झालं. निघताना तो म्हणाला, "उद्या कुलूपवाला आहे. नवी प्रत आलीये, स्वच्छ, खाली अक्षरं छापलेली. मी अजून लावून पाहिली नाही. याल?"

"सभासद नाही मी."

"प्रोजेक्टरवाल्याची पाहुणी म्हणून या," तो म्हणाला.

मंगळवारी चार वाजता मी सातव्या रांगेत बसले. उभ्या जन्मात पहिल्यांदा प्रेक्षकांत बसून कुलूपवाला बघत होते. आधी सरांचं भाषण झालं. तेच, कापऱ्या आवाजाचं. विश्वासघात करणारासुद्धा माणूस असतो, त्याचा आवाज कापतो, म्हणून कुलूपवाला आत येतो, दार लावून घेतो आणि त्या बंद दाराआड दोन मित्र रडतात. टोपीवाल्याचं सगळं तत्त्वज्ञान म्हणजे क्षमा. म्हणून हाच त्याचा सर्वश्रेष्ठ चित्रपट. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चित्रपट संपत आला. न्हावी पाठमोरा, केरसुणी चालू. "कोण होतं?"

या वेळी खरखर नव्हती. न्हाव्याचा आवाज लख्ख आला, जराही न कापता, रोजच्या बोलण्यातला. खाली अक्षरं उमटली.

"दार लाव. वारा येतोय."

कुलूपवाल्याने दार लावलं, कडी घातली. अंधार.

तो माणूस कबूल करत नाही. माफी मागत नाही. जमवलेले केस वाऱ्याने उडतायत, याची त्याला काळजी आहे. आणि तो ज्याला दार लावायला सांगतोय, तो ते लावल्यावर काय करणार आहे, हे आपल्याला कळतं, कदाचित त्यालाही कळतं. हा खून होता. तेहेतीस वर्षं लोक एका खुनाला क्षमा समजून रुमाल भिजवत होते, आणि त्यांना रडवणारी मी होते. कबुली मला हवी होती म्हणून मी ती घातली. टोपीवाल्याला माहीत होतं की अशी माणसं कबुली देत नाहीत. माझ्या मैत्रिणीने तरी कुठे दिली होती? इतका सरळ, इतका निर्दय चित्रपट मी गोड करून वाढला होता. मला स्वतःचा असा संताप आला की डोळ्यांसमोर अक्षरं नाचायला लागली.

दिवे लागले. सभागृहात कुजबुज चालली होती. तिसऱ्या रांगेतली चष्मेवाली एक मुलगी उभी राहिली. "सर, तुम्ही सांगितलेलं वाक्य यात आलंच नाही. मला फ्रेंच येतं. तो दार लाव म्हणाला. आवाजही कापला नाही त्याचा."

सरांच्या तोंडावर तेच मायेचं हसू आलं.

"त्याचं असं आहे," ते म्हणाले, "त्या काळी आपल्याकडे साधनं नव्हती. एक बाई यायच्या, हौशी. पंपांच्या कंपनीत होत्या बिचाऱ्या. झडपा आणि नळ्या यांचं भाषांतर करायच्या. आता त्यांनी काही चुकीचं सांगितलं असेल, तर आपण काय करणार? मी विश्वास ठेवला. दुसऱ्यावर विश्वास ठेवणं हा माझा दोष."

लोक हसले. पंपांना हसले.

वाहवा झाली तोवर वाक्य यांचं, आणि अंगाशी आलं की पंपवाल्या बाईचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले.

"मी ती बाई," मी म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. मंडळाचा चिटणीस माइक घेऊन लगबगीने आला, मला बसवायला की माझ्या हातात माइक द्यायला, त्याचं त्यालाच ठरवता येईना. मी त्याला हातानेच थांबवलं. तेवीस वर्षं या सभागृहात बोललेल्या बाईला माइक कशाला लागतो?

"सर, तुमच्या पुस्तकात एक्केचाळिसाव्या पानावर तुम्ही लिहिलंय, की हे वाक्य मूळ फ्रेंचमध्ये ऐकताना अंगावर काटा येतो. मूळ फ्रेंचमध्ये ते कसं आहे? म्हणून दाखवा."

"बाई, ही ती जागा नव्हे."

"मग कुठली? केबिनपाशी सांगायला गेले तर तुम्ही म्हणालात, तुम्हाला कळायचं नाही. कॉलेजात येऊन सांगितलं तर म्हणालात, भाषांतरकाराला असं वाटतंच. आता ही तिसरी जागा. म्हणून दाखवा. एक वाक्य. एक शब्द."

सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"येत नाही," मी म्हणाले. "यांना फ्रेंच येत नाही. कधीच येत नव्हतं. रीळ तुटलेलं होतं, वाक्य मी घातलं, आणि यांना ते माहीत होतं. मी सांगितलं होतं. चूक माझी होतीच. ती मी इथे, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडाने कबूल करते. आता यांची चूक यांनी कबूल करावी."

सर चिटणिसाकडे वळून म्हणाले, "उद्याचा चित्रपट साडेतीनला आहे ना, तेवढं जाहीर करून टाका." चिटणिसाने जाहीर केलं. लोक उठले. कार्बन प्रोजेक्टरच्या खोलीच्या दारात येऊन थांबला होता, त्याने मला रिक्षापर्यंत पोचवलं.

बुधवारी चिटणिसाचा फोन आला. आवाजात साखर. "बाई, एक सुचवायचं होतं. झालं गेलं गंगेला मिळालं. तुम्ही दोन ओळींचा खुलासा लिहून द्या, की भाषांतरात तुमच्याकडून चूक झाली. बदल्यात पुस्तिकेत तुमचंही पान घेऊ. सत्ताविसावं. फोटोसकट."

थोरली बहीण त्या दिवशी माझ्याकडे आली होती. ताईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "घे की. एवढ्या वर्षांनी नाव तर छापून येतंय."

"गुन्हेगार म्हणून नाव छापून घेऊ?"

"तू सगळ्या गोष्टी टोकाला नेतेस. लहानपणापासून. आपलं वय काय, चाललंय काय? सिनेमाच आहे तो."

"सिनेमाच आहे ना? मग सरांना सांग की सोडून द्यायला."

ताई पदर खोचून भांडी घासायला लागली. माझ्या घरातली, तीही स्वच्छ घासलेली. राग आला की ती असंच करते.

खुलासा मी लिहिला नाही. पान मात्र लिहिलं. आवडता चित्रपट निवडायला मलाही सांगितलं होतं ना, मग मी निवडला. कुलूपवालाच निवडला, पण मंगळवारी पाहिलेला. लिहिलं की एका विश्वासघातक्याच्या तोंडी मी कबुली घातली आणि चित्रपट नासवला. खरा चित्रपट दाराबद्दल आहे. जन्मभर कुलपं करणाऱ्या माणसाला दुसरा माणूस दार लावायला सांगतो, आणि हा इतक्या वर्षांच्या सवयीने ते नीट लावतो, कडीसुद्धा घालतो. तो न्हावी आपल्या मरणाची सोय दोन शब्दांत स्वतःच करून घेतो, आणि ते करताना त्याला फक्त वारा लागतोय. याहून थंड, याहून खरं मी काही पाहिलेलं नाही. शेवटी लिहिलं, की मी माफी मागते ती टोपीवाल्याची, मंडळाची नाही. चार वेळा खाडाखोड करून, हाताने लिहिलेलं ते पान गुरुवारी मंडळाच्या कचेरीत चिटणिसाच्या हातात दिलं.

शनिवारी कार्बन छापून आलेली पुस्तिका घेऊन आला. या वेळी मला बसा म्हणाला नाही. स्वतःच बसला.

सत्ताविसावं पान नव्हतं. शेवटी बारीक अक्षरांत "पूर्वीच्या भाषांतरातील त्रुटींबद्दल मंडळ दिलगीर आहे" एवढं होतं. आणि पहिल्या पानावर सरांचा लेख. नवा लेख. शीर्षक होतं 'बंद दार'.

मी वाचत गेले. "जन्मभर कुलपं करणाऱ्या माणसाला दुसरा माणूस दार लावायला सांगतो." पुढे, "आपल्या मरणाची सोय तो दोन शब्दांत स्वतःच करून घेतो." आणखी पुढे, "याहून थंड, याहून खरं मी काही पाहिलेलं नाही." कापरा आवाज कुठल्या कुठे गेला होता. क्षमा गेली होती. तेहेतीस वर्षं जे शिकवलं ते दोन दिवसांत पुसून सरांनी माझं दुसरं वाक्यही उचललं होतं.

"एकदा चोरलं ते चुकीचं होतं म्हणून आता बरोबरचं चोरलं," कार्बन म्हणाला. त्याला हसू येत होतं आणि रडूही.

मी चपला घातल्या आणि थेट सरांच्या घरी गेले. ते गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसले होते. "या, या," म्हणाले. "चहा घेणार?"

"ही वाक्यं माझी आहेत."

"विचार कुणाच्या मालकीचे नसतात, बाई. हवेत असतात. एकाच वेळी दोघांना सुचतात."

"मालकीचे नसतात, तर खाली तुमचं नाव कशाला?"

"तुमचा त्रागा मी समजू शकतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द बोलणाऱ्या माणसाला..."

"माझे शब्द तुम्ही बोललात, सर. मी तुमचे नाही."

ते काही म्हणणार तोच सरांच्या बायको आतून आल्या. वहिनींशी माझं कधी चार शब्दांपलीकडे बोलणं नव्हतं. कार्यक्रमांना त्या दुसऱ्या रांगेत टोकाला बसायच्या. त्यांच्या हातात एक कागद होता.

"हे तुमचं अक्षर ना?" त्यांनी मला विचारलं.

माझंच पान. माझ्या खाडाखोडीसकट. आणि त्यावर लाल पेन्सिलीने तीन वाक्यांखाली रेघा मारलेल्या. समासात सरांच्या अक्षरात लिहिलेलं, "हे घेणे."

सर उठले. "तू मध्ये पडू नकोस. तुला कुणी सांगितलं हे बाहेर आणायला?"

"टाइप मीच केलंय," वहिनी म्हणाल्या. "हेही, आणि त्या वेळचं पुस्तकही. त्या वेळी विचारलं होतं मी, की हे मूळ फ्रेंच तुम्ही कधी ऐकलंत. तुम्ही म्हणालात, टाइप कर." त्यांनी कागद माझ्या हातात दिला, दाराकडे वळल्या आणि मला म्हणाल्या, "चहा नका घेऊ. जा तुम्ही."

त्या संध्याकाळी मी आणि कार्बनने त्या पानाच्या दीडशे छायाप्रती काढल्या, लाल रेघा आणि "हे घेणे" स्पष्ट दिसतील अशा. मागच्या बाजूला 'बंद दार'चं पहिलं पान. रविवारी समारोपाच्या आधी प्रत्येक खुर्चीवर एकेक ठेवली. अध्यक्षांच्या खुर्चीवरही.

लोक आले, कागद उचलून बसले, वाचायला लागले. सभागृहात कागद उलटल्याचे आवाज. उलटले, पुन्हा सुलटे केले. सरांनी त्यांची प्रत वाचली, चार घड्या घालून खिशात ठेवली, व्यासपीठावर गेले आणि मंडळाच्या इमारतीच्या दुरुस्तीवर वीस मिनिटं बोलले. शेवटी टाळ्या वाजवायला कुणाचे हात उचलले गेले नाहीत. वहिनी दुसऱ्या रांगेत टोकाला बसल्या नव्हत्या. त्या आल्याच नव्हत्या.

सिनेमात शोभेल असं पुढे काही झालं नाही. सर अध्यक्ष राहिले. "इतक्या वर्षांच्या माणसाला काढायचं कसं?" असं सगळे म्हणाले. पुस्तिका मात्र परत घेतली गेली, कारण त्या चष्मेवाल्या मुलीने आणि आणखी अकरा सभासदांनी राजीनाम्याचं पत्र दिलं. महिन्याने दुसरी छापली. तीत 'बंद दार' नव्हतं, सरांचं काहीच नव्हतं. सत्ताविसावं पान होतं, माझ्या नावासकट. फोटो मी दिला नाही. ताईने ती पुस्तिका तिच्या सगळ्या शेजारणींना दाखवली आणि मला फोन करून म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं, नाव छापून येईल?" मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला.

राग गेला का, असं कार्बनने विचारलं. नाही गेला. तेवीस वर्षं घामाने निथळत मी बोलले, आणि माणूस म्हणून मी तिथे आहे हे कळायला त्यांना चोरीचा कागद लागला. हा राग का जावा?

परवा बाजाराच्या कोपऱ्यावर मंडळाचे एक जुने सभासद भेटले, दातांचे डॉक्टर. त्या चौदा जणांतले. माझा हात धरून हळूच म्हणाले, "बाई, कुणाला सांगू नका, पण मला तुमचंच वाक्य जास्त आवडतं. तो आवाज कापल्याचं. ते दार-वारा म्हणजे काय हो? काहीच लागत नाही मनाला."

"नाही, डॉक्टर," मी म्हणाले.

"अहो, मी तुमचं कौतुक करतोय."

"नका करू. ते वाक्य खोटं आहे. गोड आहे आणि खोटं आहे. तुम्हाला कुणी असं फसवलंय का कधी? अगदी जवळच्याने?"

ते जरा गडबडले. "फसवलंय. धाकट्या भावाने."

"मग तो तुम्हाला काय म्हणाला? आवाज कापला म्हणाला?"

माझी बस आली होती, लोक चढत होते. मी पिशवी खाली ठेवली. "सांगा ना," मी म्हणाले, "काय म्हणाला तो?"

"म्हणाला," डॉक्टर रस्त्याकडे बघत म्हणाले, "दादा, जेवलास का."

बस निघून गेली. मी त्यांना तिथेच, फुटपाथवर उभं राहून, तो शेवटचा प्रसंग पहिल्यापासून नीट सांगायला सुरुवात केली.